पहिली उचल, दुसरा हप्ता आणि किलिमांजारोची कॉफी



मागे एका गटाच्या बैठकीत एक सभासद म्हणाले, "साहेब, गुऱ्हाळवाला रोख देतो. कारखान्याच्या दुसऱ्या हप्त्याची वाट कुठवर बघायची?" प्रश्न रास्त आहे. तो ऐकून आम्हांस आफ्रिकेतल्या टांझानिया देशातील कॉफीवाल्या शेतकऱ्यांची हकिकत आठवली. ती येथे देत आहोत.

टांझानियाच्या उत्तरेस किलिमांजारो हा ५,८९५ मीटर उंचीचा, आफ्रिकेतील सर्वांत उंच डोंगर आहे. पायथ्याशी मोशी हे शहर. मोशीखालच्या सपाटीवर पाऊस कमी. तिथे पाण्याची सोय करून ऊस घेतात, साखर कारखानाही आहे. वर चढावे तसा पाऊस वाढतो. माती ज्वालामुखीची, सुपीक. या मधल्या उतारावर चागा लोकांची घरे आणि घराभोवती बागा.

या बागेला ते 'किहांबा' म्हणतात. वर केळीची सावली, खाली कॉफी, मधे घेवडा व कंद. जनावरे गोठ्यात बांधलेली, शेणखत बागेला. पोट केळीवर आणि रोकड कॉफीवर, असा हिशेब. वाटण्या होत होत एकेकाकडे एक-दोन एकरच उरले आहेत. डोंगरातल्या ओढ्यांचे पाणी त्यांनी पूर्वापार चर खणून बागांपर्यंत आणले. चराच्या दुरुस्तीला सर्वांनी यायचे, न येणाऱ्याला दंड. आपल्या धुळ्याकडील फड पद्धतीची आठवण व्हावी!

पिकलेली लाल फळे हाताने तोडायची, यंत्रावर साल काढायची, बी आंबवून, धुऊन, वाळवून सोसायटीत घालायचे. ही सोसायटी आजची नव्हे. १९२५ साली तिथल्या कॉफीवाल्यांनी आपला संघ काढला. १९३३ साली गावोगावच्या सोसायट्यांची युनियन झाली. १९७६ साली सरकारने देशातल्या सहकारी युनियन मोडल्या. १९८४ साली त्या पुन्हा उभ्या राहिल्या. पुढे १९८९ साली कॉफीचा आंतरराष्ट्रीय कोटा बंद पडला आणि भाव कोसळले.

१९९४ पासून खाजगी व्यापाऱ्यांना दारात येऊन खरेदीची मुभा मिळाली. व्यापारी रोख मोजी. सोसायटी पहिली उचल देई आणि माल विकल्यावर दुसरा हप्ता. पोराची फी भरायची वेळ आली की माणूस रोखीकडे वळणारच, त्याला दोष कसा द्यावा? पण खत व औषध सोसायटी उधारीवर देई आणि मालातून वसूल करी. माल बाहेर जाऊ लागल्यावर वसुली थांबली, वसुलीबरोबर उधारीही थांबली. फळरोगावरची फवारणी महाग पडू लागली. झाडे म्हातारी झाली, उतारा घटला, तरुण पोरे शहराकडे गेली. २०१८ साली सरकारने कॉफी पुन्हा सोसायट्यांमार्फतच विकण्याचा हुकूम काढला. पण हुकमाने माल येतो, विश्वास येत नाही.

ऊस आणि कॉफी एक नव्हे, हे आम्ही जाणतो. तरी बेणे, खत, सल्ला हे सारे सभासदाच्या उसाच्या वजनावरच चालते, ही गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. गुऱ्हाळवाला रोख देतो, पण पुढच्या लागणीला बेणे देत नाही.

उलट बाजूही आम्ही सांगतो. हप्ता किती आणि कोणत्या तारखेला, हे सभासदाला आधी कळले पाहिजे. तारीख सांगणे आमचे काम, ऊस घालणे तुमचे. पहिले काम चुकले तर आम्हांला बैठकीत जरूर जाब विचारा.