सेंट आइव्ह्ज : कोळ्यांचे गाव, कलावंतांचे गाव

'आपल्या गावात पाहण्यासारखे काय आहे?' असा प्रश्न वर्गात विचारला म्हणजे पुष्कळदा मुले एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. गावात किल्ला असेल, लेणे असेल किंवा एखादे जुने देवालय असेल तर उत्तर लगेच येते. एरवी 'काही नाही, गुरुजी' हेच उत्तर ऐकावयास मिळते. प्रस्तुत लेखात ज्या गावाची माहिती द्यावयाची आहे, तेथील मुलांनीही दोनशे वर्षांपूर्वी कदाचित हेच उत्तर दिले असते. समुद्र, होड्या, जाळी आणि माशांचा वास यांपलीकडे त्या गावात सांगण्याजोगे फारसे नव्हते. आज मात्र तेच गाव पाहण्यासाठी दूरदूरच्या देशांतून लोक येतात. हे कसे घडले आणि त्याची किंमत कोणी दिली, हे समजून घेणे आपणा शिक्षकांस उपयुक्त ठरेल.

या गावाचे नाव सेंट आइव्ह्ज. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकास कॉर्नवॉल नावाचा परगणा समुद्रात चोचीसारखा पुढे घुसला आहे. त्याच्या उत्तर किनाऱ्यावर हे छोटेसे गाव वसले आहे. आया नावाची एक साध्वी आयर्लंडहून एका पानावर बसून समुद्र तरून येथे आली व तिच्या नावावरून गावास हे नाव पडले, अशी दंतकथा आहे. गावाचा जुना भाग एका अरुंद भूपट्टीवर असून तिच्या टोकास एक टेकडी आहे. तीन बाजूंनी पाणी असल्यामुळे तिला 'आयलंड' म्हणजे बेट असेच म्हणतात. वस्तुतः ती जमिनीला जोडलेली आहे. टेकडीच्या माथ्यावर खलाशांचा रक्षक मानलेल्या सेंट निकोलसचे एक लहानसे प्रार्थनामंदिर आहे. ओहोटीच्या वेळी बंदर कोरडे पडते आणि होड्या वाळूवर कलंडून पडतात, हे दृश्य आपल्या किनारपट्टीवरील शिक्षकांच्या चांगल्या परिचयाचे असेल.

तारलीच्या कुळातील मासा

या गावाचे पोट एका माशावर चालत असे. तो मासा म्हणजे पिलचर्ड. आपल्याकडील तारलीच्याच कुळातील हा मासा होय. उन्हाळ्याच्या अखेरीस त्याचे प्रचंड थवे किनाऱ्याजवळ येत. थवा आला की पाण्यावर तांबूस-काळसर छाया पसरे. ती छाया ओळखण्यासाठी पोर्थमिन्स्टर किनाऱ्यावरील टेकाडावर एक पहारेकरी बसविलेला असे. त्याला 'ह्यूअर' म्हणत. थवा दिसताच तो कर्ण्यातून 'हेव्हा! हेव्हा!' अशी आरोळी ठोकी आणि दोन्ही हातांत झुडपांच्या जुड्या धरून खालच्या होड्यांना खुणेने दिशा दाखवी. होड्या थव्याभोवती लांब जाळे सोडून त्याला वेढा घालीत. कोकणकिनाऱ्यावरील रापण ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या पद्धतीतील साम्य लगेच ध्यानात येईल. दोन्हींत जाळ्याचा वेढा असतो आणि दोन्हींत एकट्यादुकट्याचे काम नसते. मिळकतीचे वाटेही ठरलेले असतात.

मासे घरांच्या तळघरांत आणून मिठात थर लावून रचीत. हे काम मुख्यतः स्त्रिया करीत. पुढे ते पिंपांत दाबून भरले जात. दाबताना निघणारे तेल दिव्यांत जाळीत. ही पिंपे इटलीसारख्या कॅथलिक देशांत जात, कारण तेथे उपवासाच्या दिवशी मांस वर्ज्य असे, मासा चालत असे. अशा रीतीने एका देशातील धर्माचारामुळे दुसऱ्या देशातील कोळ्याची चूल पेटत होती. भूगोल व इतिहास हे विषय परस्परांपासून वेगळे नाहीत, हे शिकविण्यास याहून सोपे उदाहरण मिळणे कठीण.

बंदराचा दगडी धक्का जॉन स्मीटन या विख्यात अभियंत्याने १७६७ ते १७७० या काळात बांधला. एडिस्टन खडकावरील प्रसिद्ध दीपगृह उभारणारा हाच गृहस्थ. धक्का आजही उभा आहे व 'स्मीटनचा धक्का' याच नावाने ओळखला जातो. विसाव्या शतकाच्या आरंभी मात्र पिलचर्डचे थवे येईनासे झाले आणि जाळी सुकत पडली.

रिकाम्या माड्या आणि उत्तरेचा प्रकाश

मासा ओसरत असतानाच दुसरी दोन माणसे गावात येऊ लागली होती : प्रवासी आणि चित्रकार. १८७७ साली येथवर आगगाडी आली. इंग्रज चित्रकार टर्नर १८११ सालीच येथे रेखाटने करून गेला होता. परंतु चित्रकार राहावयास येऊ लागले ते रेल्वेनंतर. १८८३-८४ च्या हिवाळ्यात व्हिस्लर हा चित्रकार आपल्या शिष्यांसह येथे राहिला. १८९० साली कलावंतांचे स्वतःचे मंडळही स्थापन झाले.

चित्रकारांनी हेच गाव का निवडले? याची दोन कारणे सांगता येतात. पहिले कारण प्रकाश. गावाला दोन बाजूंनी समुद्र असल्याने आणि वाळू पांढरट असल्याने पाण्यावरून व वाळूवरून परावर्तित होणारा उजेड सर्वत्र खेळतो; सावल्याही काळ्याकुट्ट वाटत नाहीत. दुसरे कारण अधिक व्यावहारिक आहे. कोळ्यांच्या शिडे ठेवण्याच्या आणि जाळी दुरुस्त करण्याच्या मोठमोठ्या माड्या रिकाम्या पडत चालल्या होत्या. त्या स्वस्त भाड्याने मिळत. उत्तरेकडे मोठी खिडकी पाडली की चित्रशाळा तयार! उत्तर गोलार्धातील त्या भागात उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन येत नाही, त्यामुळे दिवसभर उजेड सारखा राहतो. पोर्थमिअर किनाऱ्यावरील अशाच एका जुन्या इमारतीत आजही खाली कोळ्यांची जाळी आणि वर चित्रकारांच्या खोल्या, अशी जोडवस्ती नांदते.

१९२० साली बर्नार्ड लीच हा इंग्रज कुंभकार आपला जपानी मित्र शोजी हमादा याच्यासह येथे आला आणि त्यांनी भांड्यांची कार्यशाळा सुरू केली. पाश्चात्त्य देशांत जपानी पद्धतीची चढती भट्टी प्रथम येथे बांधली गेली. या भट्टीची रचना शिकविण्यासारखी आहे. उतारावर एकावर एक अशा कोठड्या बांधतात. खालच्या तोंडाशी जाळ केला की उष्णता वर चढत एका कोठडीतून दुसरीत जाते आणि एकाच जाळाचे काम अनेक कोठड्यांत होते. हमादा १९२३ मध्ये जपानला परतला व तेथील थोर कुंभकार म्हणून मान्यता पावला. रोजच्या वापरातील वाडगा, तांब्या, ताटली हीच उत्तम कला होऊ शकते, हे या दोघांचे सांगणे होते. कार्यशाळा आजही चालू असून तेथील भट्टी पाहावयास मिळते.

पुठ्ठ्यावर चित्रे काढणारा म्हातारा

परंतु या गावाच्या कथेतील जो माणूस आपण मुलांस अवश्य सांगावा, तो बाहेरून आलेला नामवंत नव्हे. त्याचे नाव आल्फ्रेड वॉलिस. १८५५ साली जन्मलेला हा माणूस तरुणपणी समुद्रावर गेला व पुढे सेंट आइव्ह्जमध्ये जहाजांवरील मोडके-जुने सामान, दोर, लोखंड यांची खरेदी-विक्री करू लागला. चित्रकलेचे शिक्षण त्याला शून्य. १९२२ मध्ये पत्नी वारली आणि घर ओके झाले. त्या एकटेपणावर उतारा म्हणून सत्तरीच्या सुमारास त्याने हाती कुंचला धरला. कागद विकत घेण्याची ऐपत नव्हती. वाण्याकडून मिळणारे खोक्यांचे तुकडे जसे असतील तसे, वाकडेतिकडे, तो घेई आणि होड्यांना लावण्याच्या रंगाने त्यांवर चित्रे काढी.

त्याने काय काढले? जे त्याने जन्मभर पाहिले आणि जे आता नाहीसे होत चालले होते, तेच : शिडांची गलबते, धक्का, दीपगृह, खवळलेला समुद्र. त्याच्या चित्रांत जवळचे मोठे व दूरचे लहान हा नियम नाही. जे महत्त्वाचे ते मोठे. मासा मोलाचा म्हणून कधी तो होडीएवढा. घरे कधी आडवी पडलेली, कारण बंदरातून फिरताना ती चोहोबाजूंनी दिसतात. पुठ्ठ्याचा कोपरा तिरपा असेल तर समुद्रही तिरपा. आपल्या पहिली-दुसरीच्या मुलांच्या पाट्या ज्यांनी ध्यानपूर्वक पाहिल्या आहेत, त्यांना ही रीत अनोळखी वाटणार नाही.

१९२८ च्या ऑगस्टमध्ये बेन निकल्सन व ख्रिस्तोफर वुड हे दोन तरुण चित्रकार त्या गल्लीतून जात होते. उघड्या दारातून त्यांना भिंतीवर खिळ्यांनी ठोकलेले हे पुठ्ठे दिसले आणि ते थबकले. शिकलेल्या चित्रकारांना जी ताजी नजर हवी होती, ती या न शिकलेल्या म्हाताऱ्याजवळ होती. निकल्सनच्या पुढील चित्रांवर तिचा ठसा उमटला. वॉलिसची चित्रे लंडनच्या रसिकांपर्यंत पोचली. तथापि त्याचे दारिद्र्य काही फिटले नाही. १९४२ साली मॅड्रन येथील निराधारांच्या आश्रयगृहात त्याचे निधन झाले. समुद्राकडे पाहणाऱ्या बार्नून दफनभूमीत त्याची कबर आहे. तिच्यावर लीचने घडविलेल्या फरशा बसविल्या असून, प्रचंड दीपगृहाच्या दाराशी काठी टेकीत पोचलेला एक चिमुकला म्हातारा त्यांवर चितारला आहे. मान मिळाला, पण तो उशिरा. आणि भाकरी तर मिळालीच नाही. ही गोष्ट मुलांपासून लपवू नये.

पुढील काळातील वास्तू

१९३९ मध्ये युद्धाच्या तोंडावर शिल्पकर्ती बार्बरा हेपवर्थ या आपले पती निकल्सन व मुलांसह या परिसरात आल्या. १९४९ साली त्यांनी गावात ट्रेविन स्टुडिओ ही जागा घेतली व अखेरपर्यंत तेथे दगड, लाकूड आणि कांस्य यांत काम केले. न्यूयॉर्क येथील संयुक्त राष्ट्रसंघाच्या आवारात १९६४ पासून उभे असलेले त्यांचे शिल्प डाग हामरशोल्ड यांच्या स्मरणार्थ आहे. १९७५ साली याच स्टुडिओत आग लागून त्यांचा अंत झाला. पुढच्याच वर्षी घर व बाग संग्रहालय म्हणून खुले झाले; शिल्पे झाडांमध्ये मांडलेली आहेत. १९९३ मध्ये पोर्थमिअर किनाऱ्यावर, जेथे पूर्वी गॅसचा कारखाना होता त्या जागी, 'टेट सेंट आइव्ह्ज' हे कलादालन उघडले. २०१७ मध्ये त्याचा विस्तार झाला.

लेखिका व्हर्जिनिया वुल्फ यांचे बालपणीचे उन्हाळे १८८२ ते १८९४ या काळात येथील टॅलंड हाऊसमध्ये गेले. उपसागरातील गॉड्रेव्ही दीपगृह त्यांच्या मनात इतके रुजले की १९२७ च्या 'टू द लाइटहाऊस' या कादंबरीत, स्थळ दुसरे असूनही, तेच उभे राहिले.

एक स्मारक मात्र निराळे आहे. जॉन निल या जकात अधिकाऱ्याने १७८२ साली टेकडीवर दगडी मनोरा बांधला आणि पैसे ठेवून एक प्रथा घालून दिली : दर पाच वर्षांनी २५ जुलै रोजी खलाशी, कोळी किंवा खाणकामगार यांच्या दहा लहान मुलींनी, दोन विधवांसह, सारंगीच्या जातीच्या वाद्याच्या साथीवर मनोऱ्याभोवती नाचावे व स्तोत्र म्हणावे. १८०१ पासून हा विधी होत आला आहे. निलला स्वतःला मात्र लंडनमध्ये पुरले आहे. म्हणजे मनोरा रिकामा, पण आठवण जिवंत. ती दगडाने नव्हे, लेकरांच्या पावलांनी राखली.

कीर्तीची दुसरी बाजू

आता कथेचा कठीण भाग. गाव नावाजले तशी घरांची किंमत वाढली. श्रीमंत लोक सुट्टीपुरती राहण्यासाठी घरे घेऊ लागले. 'डाउनलाँग' या जुन्या कोळीवस्तीतील पुष्कळ घरे हिवाळ्यात अंधारी राहतात आणि गावची तरुण मंडळी घर परवडत नाही म्हणून बाहेर पडतात. ५ मे २०१६ रोजी गावाने मतदान घेतले. यापुढे बांधले जाणारे नवे घर मालकाच्या किंवा भाडेकरूच्या कायम वास्तव्याचेच असावे, या नियमास ८० टक्क्यांहून अधिक मते पडली. न्यायालयानेही तो नियम उचलून धरला. तथापि जुन्या घरांच्या विक्रीस त्याची आडकाठी नाही. त्यामुळे तेवढ्याने प्रश्न सुटतो काय, याविषयी मतभेद आहेत. स्वस्त, रिकाम्या माड्यांमुळे कलावंत आले आणि कलावंतांमुळे माड्या महाग झाल्या. गावाचे सौंदर्य ज्यांच्या कष्टांतून उभे राहिले, त्यांनाच त्या गावात राहता येऊ नये, यासारखी दुसरी विसंगती नाही.

वर्गात करण्याजोगे

शिक्षकबंधुभगिनींनो, या माहितीचा उपयोग पुढील रीतीने करून पाहावा.

१. वाण्याच्या दुकानातील रिकामी खोकी गोळा करून त्यांचे तुकडे मुलांस द्यावेत. कडा कापून सरळ करू नयेत. आपल्या घरी चालणारे एखादे काम, नांगरट, विणकाम, जाळे विणणे, चितारण्यास सांगावे. 'हे चुकले' असे म्हणण्याऐवजी 'हे एवढे मोठे का काढलेस?' असे विचारावे.

२. गावातील सर्वांत वृद्ध कारागिरास, मग तो कुंभार असो, सुतार असो वा तांडेल असो, शाळेत सन्मानाने बोलवावे. त्याच्या हत्यारांची नावे मुलांनी वहीत उतरवावीत. ही नावे त्याच्याबरोबर नाहीशी होण्याचा संभव असतो.

३. वरच्या इयत्तांत एक प्रश्न चर्चेस ठेवावा : आपल्या गावात उद्या प्रवासी येऊ लागले, तर कोणाचे भले होईल आणि कोणास गाव सोडावे लागेल?

वॉलिसच्या दारावरून गावातील माणसे रोज जात होती. थांबले ते दोन परके तरुण. आपल्या गावातही असे एखादे उघडे दार असेल. त्यापाशी आपल्या मुलांनी परक्यांच्या आधी थांबावे आणि त्या दारातील माणूस हयात असतानाच थांबावे, एवढी सवय जरी शाळेने लावली, तरी 'आपल्या गावात काही नाही' हे उत्तर वर्गात पुन्हा ऐकू येणार नाही.