नाथसागरातून कारखान्याच्या नळापर्यंत

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा आणि आता बिडकीन. छत्रपती संभाजीनगरचा औद्योगिक पट्टा वाढत चालला आहे आणि या सगळ्याची तहान भागवतो तो पैठणचा जायकवाडी प्रकल्प, म्हणजेच नाथसागर जलाशय. धरण पूर्ण भरले की त्यात सुमारे 102 टीएमसी पाणी असते, पण शहर जलाशयापेक्षा साधारण शंभर मीटर उंच आहे. एक घनमीटर पाणी, म्हणजे हजार लिटर, एवढे वर चढवायला किमान पाव युनिटहून थोडी जास्त वीज लागते. पाइपातले घर्षण आणि पंपांतली गळती धरली तर प्रत्यक्षात बरीच अधिक. मलिक अंबरच्या काळातली नहर मात्र डोंगराकडचे पाणी नुसत्या उतारावर शहरात आणत असे!

दुसरी अडचण धरणाच्या आकारात आहे. नाथसागर पसरट, उथळ. सुमारे 350 चौरस किलोमीटरच्या पृष्ठभागावरून पाण्याची नुसती एक सेंटिमीटर पातळी उडाली, तरी साडेतीनशे कोटी लिटर पाणी हवेत जाते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तेवढे उडायला फार दिवस लागत नाहीत.

2016च्या दुष्काळात उच्च न्यायालयाला मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करावी लागली होती. शेती, शहर आणि उद्योग एकाच जलाशयावर अवलंबून असताना नव्या कारखान्यांना धरणाचे ताजे पाणी देत राहणे मला चुकीचे वाटते. शीतकरण, धुलाई आणि बागेसाठी शहराचे शुद्ध केलेले सांडपाणी पुरते. नवा भूखंड देतानाच ही अट घातली पाहिजे.