पाहणे आणि पटणे

काही विषय असे असतात की ते निघाले म्हणजे चारचौघांत एकदम शांतता पसरते. कोणी चष्मा पुसू लागतो, कोणाला चहा गार झाल्याची आठवण होते. अश्लील पुस्तके आणि चित्रे हा त्यांतलाच एक विषय. एके काळी अशा पुस्तकांना पिवळी पुस्तके म्हणत आणि ती मिळवायला धडपड करावी लागे. आज तोच माल खिशातल्या फोनमध्ये येऊन बसला आहे. तेव्हा आपण विषय टाळला म्हणून तो टळत नाही.

या बाबतीत आपल्या मनात एक समजूत पक्की असते. ती अशी की, हे वेड पुरुषांचे. बायकांना त्यात गोडी नसते. ही समजूत कितपत खरी आहे, आणि ती तपासायची तरी कशी, ते आज पाहू.

या समजुतीला शास्त्राचा आधार मिळाला तो मुख्यतः अमेरिकेत. तिथे इंडियाना विद्यापीठात आल्फ्रेड किन्सी नावाचे प्राणिशास्त्रज्ञ होते. आधी त्यांनी गांधीलमाश्यांच्या एका प्रकाराचा अभ्यास केला आणि मग ते माणसांकडे वळले. हजारो स्त्रीपुरुषांना समोर बसवून त्यांनी त्यांचे कामजीवन विचारून घेतले. १९४८ साली पुरुषांवरचा आणि १९५३ साली स्त्रियांवरचा असे त्यांचे दोन ग्रंथ निघाले. संभोगाची चित्रे वा दृश्ये पाहून मन चाळवते काय, या प्रश्नाला शंभरांतल्या ७७ पुरुषांनी होय म्हटले, पण स्त्रिया मात्र ३२ च निघाल्या. झाले! समजूत सिद्ध झाली, असे पुष्कळांना वाटले.

पण असे पाहा, त्याच ग्रंथात आणखी एक आकडा आहे. कथाकादंबऱ्यांतले शृंगाराचे वर्णन वाचून काही वाटते काय, असेही किन्सींनी विचारले होते. त्याला होय म्हणणारे पुरुष शंभरांत ५९ आणि स्त्रिया ६०! म्हणजे चित्रात जे अंतर दिसत होते ते पुस्तकात नाहीसे झाले. कादंबरी घरात उघडपणे वाचता येत असे. तसली चित्रे मात्र पुरुषांच्या बैठकीत, पुरुषांनी पुरुषांसाठी काढलेली. ती स्त्रीच्या हाती पडण्याचा योगच थोडा, आणि पडली तरी तिच्या आवडीनिवडीचा विचार त्यांत कोणी केलेला नसे. किन्सींच्या नमुन्यावर पुढे बरीच टीका झाली, कारण त्यांनी ज्यांना विचारले ते साऱ्या अमेरिकेचे प्रतिनिधी नव्हते. तथापि हे दोन आकडे शेजारी ठेवले की विचार करावासा वाटतो.

१९७० च्या सुमारास जर्मनीत हॅम्बुर्ग येथे गुंटर श्मिट आणि फोल्कमार झिगुश या संशोधकांनी निराळी वाट धरली. मागचे आठवून सांगा, असे विचारण्याऐवजी त्यांनी विद्यार्थी आणि विद्यार्थिनी यांना तशी चित्रे व चित्रपट प्रत्यक्ष दाखवले आणि लगेच काय वाटले ते लिहून घेतले. मुलींचा प्रतिसाद मुलांपेक्षा थोडा कमी भरला खरा, पण किन्सींच्या आकड्यांवरून वाटावे एवढे अंतर काही दिसले नाही.

मग प्रश्न असा येतो की, फरक मनात आहे की उत्तरात? याचा उलगडा करणारा एक मजेदार प्रयोग मिशेल अलेक्झांडर आणि टेरी फिशर या दोघींनी अमेरिकेत केला. तो २००३ साली प्रसिद्ध झाला. २०१ अविवाहित विद्यार्थी आणि विद्यार्थिनी यांचे त्यांनी तीन गट पाडले. प्रश्नपत्रिका सर्वांना एकच. पहिल्या गटाला असे वाटेल अशी व्यवस्था केली की, आपली उत्तरे दुसऱ्याच्या नजरेस पडू शकतील. दुसऱ्या गटाला सांगितले की, नाव लिहू नका, कोणाला काही कळणार नाही. तिसऱ्या गटाच्या अंगाला तारा जोडल्या आणि सांगितले की, हे खोटे पकडणारे यंत्र आहे. यंत्र बंदच होते, पण हे त्या मुलांना काय ठाऊक!

निकाल काय लागला? जिथे दुसऱ्याच्या नजरेची धास्ती होती तिथे मुलगे आणि मुली यांच्या उत्तरांत सर्वांत मोठे अंतर पडले. नाव गुप्त होते तिथे ते कमी झाले. आणि यंत्राला जोडलेल्यांत ते जवळजवळ उरलेच नाही! बायकांना जे शोभत नाही असे मानले जाते, जसे हस्तमैथुन किंवा अश्लील साहित्य पाहणे, त्या बाबतीत तर हे फार स्पष्ट दिसले. म्हणजे आपण ज्याला स्त्रीपुरुषांच्या स्वभावातला फरक समजतो त्यातला काही भाग 'लोक काय म्हणतील' या तीन शब्दांचा असतो.

आता कोणी म्हणेल, म्हणजे फरक नाहीच म्हणायचे का? तसेही नाही. २००८ साली जेसन कॅरोल आणि त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेतल्या सहा महाविद्यालयांतली पाहणी छापली. तीत ८१३ विद्यार्थी होते, त्यांपैकी ५०० मुली. सरासरी वय वीस वर्षे. आठवड्यातून निदान एकदा असले साहित्य पाहणारे मुलगे शंभरांत सुमारे ४८ निघाले, मुली सुमारे ३. हे एवढे मोठे अंतर एकट्या लाजेने पडले असेल असे म्हणवत नाही. नेमाने पाहणारा वर्ग मुख्यतः पुरुषांचा, ही गोष्ट खरी धरून चालावे.

परंतु त्याच पाहणीत याहून विचार करण्याजोगी एक गोष्ट आहे. त्यांनी दोन प्रश्न वेगवेगळे विचारले होते. तुम्ही पाहता का, हा एक; आणि पाहणे तुम्हांला मान्य आहे का, हा दुसरा. पाहणे आणि पटणे! पुरुषांपैकी शंभरांत ८७ पाहत होते, पण मान्य आहे म्हणणारे ६७ च. स्त्रियांत नेमके उलट. मान्य आहे म्हणणाऱ्या ४९, पाहणाऱ्या ३१. साधी वजाबाकी करा. शंभरांत निदान वीस पुरुष असे की, ज्याला ते मान्य म्हणत नाहीत तेच ते पाहतात. आणि निदान अठरा स्त्रिया अशा की, ज्यांना त्यात गैर वाटत नाही, तरी त्या तिकडे फिरकत नाहीत.

हे आकडे अमेरिकेतल्या तरुण विद्यार्थ्यांचे. ते उचलून सांगलीला किंवा नागपूरला लावू नयेत. पण त्यांतून निघणारा प्रश्न आपलाही आहे. जो पुरुष मनातून न पटणारी गोष्ट करतो तो ती लपवतो. लपवलेली गोष्ट पुढेमागे बायकोला कळते, आणि मग चित्रापेक्षा लपवण्याचेच दुःख मोठे होते. ती समजते, 'याला माझा कंटाळा आला.' तो समजतो, 'ही मला घाणेरडा म्हणणार.' दोघेही एकमेकांच्या मनातले ओळखल्याच्या थाटात वागतात आणि विचारत मात्र कोणीच नाही.

विचारण्याची ही भीती आपल्याकडे जुनी आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले. कामवासना जशी पुरुषाला तशी स्त्रीलाही आहे आणि तीत लाजण्यासारखे काही नाही, असे ते स्वच्छ सांगत. वाचक त्यांना पत्रे लिहून प्रश्न विचारीत आणि ते उत्तरे छापीत. या उत्तरांवरूनच १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोकांच्या मनात प्रश्न असतील तर त्यांची उत्तरे मिळालीच पाहिजेत, ही कर्व्यांची भूमिका. खटला ते हरले, दंड भरला, पण मासिक बंद केले नाही.

कर्व्यांना लोक जे प्रश्न विचारीत ते प्रश्न आजची मुले फोनला विचारतात, आणि फोन उत्तरादाखल चित्र दाखवतो. अडचण तिथे आहे. ही बहुतेक चित्रे पैशासाठी, पुरुष गिऱ्हाईक डोळ्यांपुढे ठेवून काढलेली असतात. त्यांतली स्त्री कधी नको म्हणत नाही, थकत नाही, तिचे मन वळवावे लागत नाही. पंधरा वर्षांच्या मुलाने तीच खरी मानली, तर उद्या संसारात त्याला आणि त्याच्या बायकोला त्याची किंमत मोजावी लागेल. आणि मुलीला आपण काय शिकवतो? तुला यातले काही कळताच कामा नये, हे. मग एकाला भलतेच कळलेले आणि दुसरीला कळले तरी बोलायची चोरी, असा जोडा जमतो.

म्हणून सांगायचे ते एवढेच. पुरुष असे आणि बायका तशा, हे ठरवून मोकळे होण्याआधी उत्तर देणाऱ्याच्या मागे कोण उभे होते ते पाहावे. मुलगा असो वा मुलगी, वयात येताना त्याला आईबापांपैकी कोणी तरी जवळ बसवून सांगावे की, पडद्यावरचे ते नाटक असते, खऱ्या माणसाला विचारावे लागते. नवराबायकोंनीही हा विषय एकदा तरी काढावा. सुरुवातीला जीभ अडखळेल. अडखळू द्या. अंगाला तारा जोडून खरे बोलण्यापेक्षा, आपल्या माणसाजवळ आपण होऊन बोललेले केव्हाही बरे.