सफारी मुक्कामावर कळते

जंगलातून परतलेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो : काय काय दिसले? ताडोबाहून आलेल्याला वाघ विचारतात, केनियाहून आलेल्याला सिंह. उत्तरात किती प्राणी आले यावर सहलीचे पैसे वसूल झाले की नाही हे ठरते. नामिबिया आणि बोट्स्वानातून तंबू घेऊन फिरणाऱ्या गटसफारीला हा हिशेब लावला तर ती तोट्यात दिसेल. विंडहुकहून निघायचे, नामिबचे वाळवंट, स्वाकोपमुंडचा धुकट किनारा, डमारालँडची खडकाळ पठारे आणि एटोशा करत पूर्वेला वळायचे आणि ओकावांगोच्या पाणथळ प्रदेशातून चोबेपर्यंत जायचे, असा हा दोन-तीन आठवड्यांचा मार्ग. त्यात प्राण्यांसमोर जाणारा वेळ थोडाच असतो. उरलेला सगळा वेळ खडीच्या रस्त्यावर, तंबू ठोकण्या-उतरवण्यात, भाजी चिरण्यात आणि भांडी घासण्यात जातो. हा वेळ वाया गेला असे बहुतेकांना वाटते; जाहिरातींतही तो कुठे दिसत नाही. माझे म्हणणे नेमके उलटे आहे. हा प्रदेश समजतो तो मुक्कामाच्या कामांतून, आणि ती कामे नीट केली तर तिथल्या जमिनीला व जनावरांना आपला उपद्रवही कमीत कमी होतो.

ती कामे कशी चालतात ते आधी पाहू. गटाचा ट्रक म्हणजे चाकांवरचे कोठार. दोन्ही अंगांना कुलपाचे कप्पे, पोटात पाण्याची टाकी, शीतपेटी, गॅसच्या शेगड्या, घडीची टेबले, टपावर किंवा मागे तंबू आणि गाद्या. उन्हे कलण्याआधी मुक्काम गाठायचा हा पहिला नियम, कारण अंधारात रस्त्यावर कुडूसारखी मोठी हरणे आडवी येतात आणि अभयारण्यांची दारे सूर्यास्ताला बंद होतात. ट्रक थांबला की गाइड आधी एकटा उतरतो. वारा कुठून येतो, झाडाची वाळकी फांदी डोक्यावर आहे का, हत्तींची रुळलेली वाट जवळून जाते का, हे तो पाहून घेतो. कोरड्या नदीपात्रातली मऊ वाळू झोपायला कितीही सोयीची दिसली तरी तिथे तंबू पडत नाही. दूर डोंगरात पडलेल्या पावसाचा लोंढा निरभ्र आकाशाखाली येऊन धडकू शकतो. जागा ठरली की जोडी-जोडीने आपापला तंबू उभा करायचा. भुसभुशीत वाळूत खुंट्या धरत नाहीत, म्हणून सामान आत टाकून तंबूला वजन द्यायचे. चेन पूर्ण ओढून घ्यायची, कारण विंचवाला बोटभर फट पुरते. जेवणानंतर भांड्यांची पाळी लागते : एका टबात साबणाचे पाणी, दुसऱ्यात जंतुनाशकाचे, तिसऱ्यात स्वच्छ. ताट फडक्याने पुसायचे नाही, हवेत हलवून वाळवायचे, कारण एका ओल्या फडक्यातून एकाचे दुखणे सगळ्या गटात पसरते आणि दवाखाना इथे शेकडो किलोमीटरवर असतो. पंढरीच्या वाटेवरच्या दिंडीत तंबू आणि स्वयंपाकाची गाडी पुढे जाते, पाण्याचा टँकर वाटेत भेटतो. इथे पुढे गेलेले कोणी नसते. जे आहे ते याच ट्रकमध्ये आहे, आणि पुढच्या गावापर्यंत तेवढ्यातच भागवायचे आहे.

नामिबच्या किनारपट्टीवर वर्षाला २० मिलिमीटरही पाऊस पडत नाही. हा आकडा पुस्तकात वाचून फारसे काही होत नाही. पण दहा-बारा जणांची भांडी तीन टबांत उरकली, दात घासायला पेलाभर पाणी घेतले, की तोच आकडा अंगाला लागतो. त्यानंतर गाइड वाळूच्या टेकडीच्या कण्यावरचा लहानसा काळा भुंगेरा दाखवतो. पहाटे समुद्रावरून धुके आले की हा भुंगेरा डोके खाली आणि पाठ वर करून उभा राहतो. पाठीवर जमलेले थेंब घरंगळत तोंडाशी येतात. ते पाहताना मनात येणारा आदर हॉटेलातल्या शॉवरखालून निघून आलेल्याला येणार नाही असे नाही, पण पाणी मोजून वापरणाऱ्याला तो पटकन येतो. सरपणाचेही तसेच. सोसुसव्लेईजवळच्या डेडव्लेईत पांढऱ्या मातीवर काळ्या पडलेल्या बाभळीच्या जातीच्या झाडांचे सांगाडे उभे आहेत. ती झाडे साधारण सहाशे-सातशे वर्षांपूर्वी मेली. हवा इतकी कोरडी की कुजायलाही ओल मिळाली नाही. ज्या जमिनीत मेलेले झाड शतकानुशतके उभे राहते, तिथे पडलेली फांदी उचलून शेकोटीत घालणे म्हणजे काय, हे तिथे उभ्याउभ्या समजते. म्हणून राष्ट्रीय उद्यानांत लाकूड वेचायला मनाई आहे. मोळी विकत घ्यायची, ती पुरवून वापरायची आणि संत्र्याची सालसुद्धा पिशवीत भरून परत न्यायची.

स्वयंपाकघरातूनही भूगोल कळतो. नामिबियाच्या उत्तर भागातून आडवे गेलेले पशुवैद्यकीय कुंपण आहे. उत्तरेकडच्या गुरांतली लाळ-खुरकूत दक्षिणेच्या निर्यातीच्या गुरांत पसरू नये म्हणून ते घातलेले. दक्षिणेकडे येणाऱ्या गाडीतले कच्चे मांस नाक्यावर काढून घेतात. बोट्स्वानातही अशा नाक्यांवर चाके आणि बूट औषधी पाण्यातून न्यावे लागतात. त्यामुळे कोणत्या दिवशी बिडाच्या तिपायी भांड्यात मटण शिजेल आणि कोणत्या दिवशी मक्याच्या पिठाच्या घट्ट मुटक्याबरोबर घेवड्याची उसळ होईल, हे स्वयंपाकी नकाशा समोर ठेवून ठरवतो. गुरे, रानरेडे, शेतकरी आणि बाजार यांचे नामिबियातले सगळे भांडण त्या एका कुंपणात आहे. विमानाने एका आलिशान तळावरून दुसऱ्यावर उतरणाऱ्याला ते भेटतच नाही. लांबलचक प्रवासाचेही असेच आहे. खिडकीबाहेर तासन्‌तास कुंपण घातलेली खासगी कुरणे जातात आणि काहीच दिसत नाही असे वाटते. पण नामिबियातले बहुसंख्य चित्ते राष्ट्रीय उद्यानांत नाहीत, याच कुरणांवर राहतात, कारण तिथे सिंह आणि तरस कमी. १७ सप्टेंबर २०२२ रोजी कुनोत आठ चित्ते सोडले गेले ते याच देशातून आलेले. चित्ता आणि शेतकरी यांचे जमते कसे, बिनसते कुठे, हा आता आपलाही प्रश्न आहे, आणि त्याचा पहिला धडा त्या कंटाळवाण्या रस्त्यावर मिळतो.

या सगळ्यात गाइडची खरी किंमत कशात? माग काढणे, पक्ष्यांची नावे, वाळूत शिरण्याआधी टायरमधली हवा कमी करण्याचे तंत्र हे तर हवेच. पण चांगला गाइड ओळखू येतो तो तो काय करत नाही यावरून. एटोशाचा मिठागरासारखा पांढरा सपाट तळ सुमारे ४८०० चौरस किलोमीटरचा. त्याच्या दक्षिण काठाने पाणवठे आहेत. जून ते ऑक्टोबरच्या कोरड्या दिवसांत प्राणी शोधत भटकावे लागत नाही, पाण्यापाशी थांबावे लागते. गाइड इंजिन बंद करतो आणि बसतो. गाडीतून उतरायला बंदी आहे. अर्धा-पाऊण तास काही घडत नाही. मग झेब्रे येतात, थबकतात, मागे फिरतात, पुन्हा येतात. त्यांच्या घाबरण्यावरून गवतात कोण बसले असेल याचा अंदाज बांधायला माणूस शिकतो. ओकाउकुएयोच्या मुक्कामात पाणवठ्यावर रात्रभर मंद दिवे असतात. कठड्यामागच्या बाकांवर तंबूतला पाहुणा आणि महागड्या खोलीतला पाहुणा शेजारी बसून काळ्या गेंड्याची वाट पाहतात, आणि कुजबुजणाऱ्याला दोघेही गप्प करतात. आपल्याकडे मात्र २०२४ संपता संपता उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी वाघीण आणि तिच्या बछड्यांची वाट अडवली होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. त्या चालकांना जंगल कमी कळत होते असे मला वाटत नाही. पर्यटकांनी फक्त दर्शनासाठी पैसे मोजले होते, आणि दर्शन देणे एवढेच काम चालकांना उरले होते. आफ्रिकेतही सिंहाभोवती गाड्यांचा गराडा पडतो, हे लपवण्यात अर्थ नाही. फरक पडतो तो गटाने दिवसाचे मोल कशात धरले आहे याने.

बोट्स्वानात शिरले की नियम आणखी कडक होतात, कारण मोरेमी, ख्वाई, सावुती इथल्या तंबूतळांना कुंपण नाही. रात्री आगीच्या उजेडाबाहेर जायचे नाही. तंबूतून निघण्याआधी विजेरी चौफेर फिरवायची आणि चमकणारे डोळे आहेत का पाहायचे. बूट बाहेर ठेवले तर तरस पळवते, संत्री-लिंबे उघडी ठेवली तर हत्ती वासावर येतो. सावुतीच्या स्नानगृहांभोवती जाड भिंत आहे, ती पाण्यासाठी येणाऱ्या हत्तींना थोपवायला. हे नियम माणसाच्या जिवासाठी आहेत, तसे जनावराच्याही : माणसाच्या अन्नाची चटक लागलेला प्राणी धीट होतो आणि शेवटी मारला जातो. अन्न कप्प्यात बंद करण्याचे कंटाळवाणे काम म्हणूनच संरक्षणाचे काम आहे. पुढे ओकावांगोत ट्रक सोडून मोकोरोत बसायचे. ही उथळ, अरुंद होडी मागे उभा असलेला गावकरी लांब काठीने ढकलत नेतो. पूर्वी ती अखंड झाडाच्या खोडातून कोरत. आता बहुतेक फायबरग्लासच्या असतात, त्यामुळे जुनी मोठी झाडे वाचतात. अंगोलाच्या डोंगरात तिथल्या उन्हाळ्यात पडलेला पाऊस काही महिने वाहत जून-जुलैच्या सुमारास माउनपर्यंत पोहोचतो, तेव्हा तिथे पावसाचा टिपूसही नसतो. कोरड्या ऋतूत पूर, आणि तो समुद्राला न मिळता वाळूतच संपणारा. २०१४ साली जागतिक वारसा यादीतले हजारावे स्थळ म्हणून या प्रदेशाची नोंद झाली. पाणघोडे कुठे आहेत हे पाण्याच्या हालचालीवरून ओळखून होडी वळवणारा तो माणूस तिथल्या ज्ञानाचा धनी आहे. तो आपल्याला नुसता पलीकडे पोहोचवत नाही.

यावर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. पहिला : गट कशाला, स्वतः गाडी चालवत जावे, मोकळीक मिळते. मिळते खरी; आणि सावधपणे गाडी चालवणारे पुष्कळ आहेत. पण नामिबच्या खडीच्या मैदानावर रस्ता सोडून गेलेल्या एका गाडीच्या चाकोऱ्या दशकानुदशके पुसल्या जात नाहीत, आणि होआनिबसारख्या कोरड्या नद्यांत राहणाऱ्या मोजक्या वाळवंटी हत्तींच्या मागे गाडी घातली तर त्यांना पाण्यापासून दूर जावे लागते. कुठे जाऊ नये हे ज्ञान भाड्याच्या गाडीसोबत मिळत नाही. शिवाय बारा जणांचा एक ट्रक म्हणजे पाच-सहा गाड्या कमी. दुसरा आक्षेप पैशाचा. बोट्स्वानाचे धोरणच असे की थोडे पाहुणे यावेत आणि त्यांनी जास्त पैसे मोजावेत. तंबूवाले थोडे पैसे देऊन जागा अडवतात. नामिबियातही १९९६च्या कायद्याने गावसमूहांना वन्यजीवांवर हक्क मिळाले, आज अशी ८६ संवर्धनक्षेत्रे देशाच्या सुमारे एक-पंचमांश भूमीवर आहेत, आणि त्यांना रोजगार मोठ्या निवासांकडूनच अधिक मिळतो. हे मान्य केलेच पाहिजे. तंबूंनी निवासांची जागा घ्यावी असे माझे म्हणणे नाही. पण गावाच्या मालकीचा तंबूतळ, गावातून घेतलेली मोळी, होडी ढकलणाऱ्याची मजुरी यांतून जाणारा पैसा मधल्या हातांत कमी अडकतो. विमानप्रवासाचा धूर मात्र कोणत्याच तंबूने भरून निघत नाही. एवढ्या लांब जायचे तर एकदाच, आणि सावकाश जावे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत बोचतो. पाहुणा दोन ताटे धुऊन स्वावलंबनाचे समाधान घेतो, पण पहाटे त्याच्याआधी उठून आधण ठेवणारा, दिवसभर ट्रक हाकणारा आणि रात्री निखारे विझवून सर्वांत शेवटी झोपणारा माणूस वेगळाच असतो. अनेक स्वस्त सहलींत गाइड, चालक आणि स्वयंपाकी ही तिन्ही कामे एकाच माणसावर लादलेली असतात. दिवसभर गाडी चालवून थकलेला माणूस सिंहांच्या मुलखात रात्री जागा राहून लक्ष ठेवेल ही अपेक्षा अन्यायाची आहे आणि धोक्याचीही. पाहुण्यांच्या पाळ्या याच कारणाने मला महत्त्वाच्या वाटतात. त्या शोभेच्या नसून त्या माणसाच्या झोपेचा वेळ वाचवणाऱ्या असाव्यात. पण त्यांच्या आड कंपनीने माणसे कमी करू नयेत, आणि बक्षिसीला पगार समजू नये.

म्हणून मराठी प्रवाशांना एक विनंती. सहल ठरवताना पाच मोठे प्राणी दिसतील का हे विचारू नका. तशी हमी देणारा तुमची फसवणूक करतो आहे. ट्रकवर चालक आणि स्वयंपाकी वेगळे आहेत का, दोन सहलींमध्ये त्यांना विश्रांती मिळते का, लाकूड कुठून घेतात, कचरा कुठे नेतात, एका पाणवठ्यावर किती वेळ थांबतात, हे विचारा. जिथे उत्तरे सरळ मिळतील तिथे पैसे भरा, आणि मुक्कामावर भांड्यांची पाळी आली की ती टाळू नका.