फेब्रुवारी संपला, मेल आला नाही: या शांततेमागचं गणित

डिसेंबरात अर्ज गेले. फी भरून झाली, शिफारसपत्रं पोचली, पोर्टलवर सगळ्या रकान्यांपुढे हिरव्या खुणा आल्या. आता मार्च उजाडला तरी ‘अंडर रिव्ह्यू’ हे दोन शब्द काही हलत नाहीत. मधेच कळतं की त्याच विभागातून कुणाला तरी ॲडमिट आला. झालं, मग आपलं नक्की गेलं. त्यात घरी आलेली मावशी विचारते, “काय झालं गं तुझं अमेरिकेचं?”

तुम्ही अमेरिकेतल्या पीएचडीसाठी अर्ज केला असेल, तर मावशीला द्यायचं खरं उत्तर असं: मला नकार आलेला नाही, मी रांगेत आहे, आणि रांग पुढे सरकणं माझ्या हातात नाही. ही रांग कशी चालते यावर अर्थशास्त्रात साठ वर्षांहून जास्त काळ संशोधन चाललंय. ते समजून घेतलं तर मेल लवकर येणार नाही, पण न आलेल्या मेलचा चुकीचा अर्थ तरी लावला जाणार नाही.

आधी विभागाच्या बाजूने बघू. तिकडे बहुतेक पीएचडी विद्यार्थ्यांची ट्यूशन विभाग भरतो आणि वर स्टायपेंड देतो, तोही सहसा पाच वर्षं. समजा एका विभागाकडे या वर्षी १० जणांपुरते पैसे आहेत. त्यांनी १० जणांनाच बोलावलं तर त्यातले पाच-सहा दुसरीकडे जाणार आणि जागा रिकाम्या राहणार. ३० जणांना बोलावलं आणि २० जण ‘येतो’ म्हणाले, तर पुढची पाच वर्षं हिशोब जुळत नाही. म्हणून ते जुन्या अनुभवावरून अंदाज बांधतात, १८-२० जणांना पहिल्या फेरीत ऑफर देतात आणि थांबतात. अगदीच न जमणाऱ्या अर्जांना नकार जातो. उरतो तो मधला गठ्ठा: चांगले अर्ज, ज्यांना आज हो म्हणता येत नाही आणि नाही म्हणायची इच्छा नाही. काही विभाग यांना सरळ ‘तुम्ही वेटलिस्टवर आहात’ असं कळवतात. बरेच कळवत नाहीत. पोर्टलवर या गठ्ठ्यासाठी वेगळा शब्दच नसतो, म्हणून तुम्हाला ‘अंडर रिव्ह्यू’ दिसत राहतं.

आता गणिताकडे येऊ. १९६२ साली डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी कॉलेज प्रवेशावर एक छोटा निबंध लिहिला. प्रश्न असा होता: विद्यार्थ्यांच्या पसंत्या वेगळ्या, कॉलेजांच्या वेगळ्या, मग वाटप असं कसं करायचं की नंतर कुठलाही विद्यार्थी आणि कुठलंही कॉलेज ‘अरे, आपण दोघं एकमेकांना मिळालो असतो तर दोघांचंही बरं झालं असतं’ असं म्हणणार नाही? त्यांची एक रीत अगदी सोपी आहे. कॉलेजं आपल्या आवडत्या विद्यार्थ्यांना ऑफर देतात. विद्यार्थी हातात आलेल्यांपैकी सगळ्यात चांगली एकच ऑफर धरून ठेवतो आणि बाकीच्या लगेच परत करतो. परत आलेल्या जागा कॉलेजं पुढच्या पसंतीच्या विद्यार्थ्यांना देतात. कुणाकडेच परत करायला काही उरलं नाही की वाटप पक्कं.

हे ओळखीचं वाटतंय ना? आयआयटी-एनआयटीच्या जोसा फेऱ्यांमधलं ‘फ्लोट’ याच कल्पनेचं भावंडं आहे: जागा धरून ठेवा, वरची मिळाली तर खालची आपोआप सुटते. अमेरिकेत डॉक्टरांच्या रेसिडेन्सीचं वाटप १९५२ पासून असंच मध्यवर्ती पद्धतीने होतं. तिथे वापरात असलेली रीत मुळात गेल-शॅप्लींचीच आहे, हे आल्विन रॉथ यांनी १९८४ मध्ये दाखवलं. रॉथ आणि शॅप्ली यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल या कामासाठीच मिळालं.

पीएचडी प्रवेशाला मात्र ना जोसा, ना कॉम्प्युटर. तिथे आहे ती फक्त एक तारीख: १५ एप्रिल. ‘काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स’ या संस्थेचा एक ठराव आहे आणि त्यावर अमेरिकेतल्या शेकडो विद्यापीठांनी सह्या केल्या आहेत. त्यानुसार आर्थिक मदतीच्या ऑफरला १५ एप्रिलच्या आधी उत्तर द्यायची सक्ती विद्यार्थ्यावर करता येत नाही. हा नियम विद्यार्थ्याच्या भल्याचा आहे. तो नसता तर विभाग फेब्रुवारीतच म्हणाले असते, शुक्रवारपर्यंत हो म्हणा, नाहीतर जागा गेली.

पण गेल-शॅप्लींच्या रीतीतला कळीचा शब्द ‘लगेच’ आहे, आणि तो इथे गळून पडतो. चार ऑफर हातात असलेली मुलगी चारही १५ एप्रिलपर्यंत धरून ठेवू शकते. तिची वाईट बुद्धी नसते. तिला विभाग पाहायचे असतात, प्राध्यापकांशी बोलायचं असतं. पण ती अडवून बसलेल्या तीन जागांमागे तीन माणसं थांबलेली असतात, आणि त्या तिघांनी धरलेल्या दुसरीकडच्या ऑफरींमागे आणखी कुणी. त्यामुळे मार्चभर काहीच हलत नाही आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात साखळी एकदम धडाधड सुटते. मार्चमधल्या शांततेवरून निकाल काढू नका असं मी म्हणते ते यासाठी.

भारतातून अर्ज करणाऱ्याला आणखी एक गाठ असते, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं: पैशाचे प्रकार. नॅशनल सायन्स फाउंडेशनची ग्रॅज्युएट फेलोशिप फक्त अमेरिकेचे नागरिक आणि कायमचे रहिवासी यांनाच मिळते. जीवशास्त्राच्या विभागांना आधार देणाऱ्या एनआयएचच्या ट्रेनिंग ग्रांटचंही तसंच. शिवाय बऱ्याच सरकारी विद्यापीठांत दुसऱ्या राज्यातून आलेला अमेरिकन विद्यार्थी पुढे त्या राज्याचा रहिवासी ठरून कमी ट्यूशनमध्ये बसू शकतो. विद्यार्थी व्हिसावर असलेल्याला ते सहसा जमत नाही, म्हणजे तो विभागाला महाग पडतो. तेव्हा वेटलिस्ट कागदावर एक दिसली तरी आत तिचे दोन-तीन पदर असतात. ट्रेनिंग ग्रांटवरची जागा सुटली, तर ती तुमच्याकडे येईलच असं नाही. टीचिंग असिस्टंटची जागा किंवा एखाद्या प्राध्यापकाच्या प्रकल्पातली जागा सुटली, तर येऊ शकते. एकाच विभागातून दुसऱ्याला ॲडमिट आला आणि तुम्हाला नाही, याचा अर्थ त्याचा अर्ज तुमच्यापेक्षा सरस होता एवढाच असतो असं नव्हे.

एमएसवाल्यांनी इथे जरा थांबावं. हा ठराव आर्थिक मदतीच्या ऑफरींसाठी आहे. स्वतःच्या किंवा कर्जाच्या पैशाने जायचं असेल, तर विद्यापीठ डिपॉझिटची तारीख १५ एप्रिलच्या आधीचीही देऊ शकतं. पत्रात लिहिलेली तारीख खरी धरा आणि बँकेशी बोलणी वेळेत सुरू करा.

मग करायचं काय? मार्चच्या मध्यानंतर विभागाच्या ॲडमिशन समन्वयकांना एकच मेल पाठवा: माझा अर्ज अजून विचारात आहे का, मला यायची इच्छा आहे, आणि मधल्या काळात हा पेपर स्वीकारला गेला किंवा या सेमिस्टरचे गुण आले. चार ओळी पुरे. दर आठवड्याला आठवण करून देऊन रांग पुढे सरकत नाही. आणि तुमच्या हातात दोन ऑफर असतील व त्यातल्या एकीकडे जाणार नाही हे पक्कं असेल, तर ती आजच नाकारा. ‘लगेच’ हा गळलेला शब्द परत आणण्याची ताकद फक्त ऑफर असलेल्यांकडे आहे.

“विचारच करू नकोस” हा सल्ला मात्र फारसा चालत नाही. केट स्वीनी या मानसशास्त्रज्ञ वाट पाहण्याचाच अभ्यास करतात. त्यांनी कॅलिफोर्नियातल्या वकिलीच्या परीक्षेचा निकाल लागेपर्यंतचे चार महिने त्या पदवीधरांचा माग काढला. काळजी टाळायचे जे उपाय लोक करत होते त्यांनी काळजी काही कमी झाली नाही. उलट जे वाट पाहताना कासावीस होते आणि वाईटाची तयारी ठेवून होते, ते वाईट निकाल जास्त चांगला पेलू शकले. म्हणजे झोप उडाली असेल तर तुमच्यात काही बिघाड नाही.

झोपेवरून आठवलं. एप्रिलमध्ये न्यूयॉर्कची वेळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. तिथलं १५ तारखेचं ऑफिस संध्याकाळी पाचला बंद होतं, तेव्हा आपल्याकडे १६ तारखेचे पहाटेचे अडीच वाजलेले असतात, आणि कॅलिफोर्नियात तेव्हा दुपारचे दोनच. शेवटच्या नकारांनी सुटलेल्या जागा त्यानंतर वाटल्या जातात. तेव्हा १६ ते २० एप्रिल या दिवसांत फोन चालू ठेवा आणि स्पॅम फोल्डर उघडून बघत राहा. आधी दुसरीकडे होकार दिला असेल आणि आता इथे यायचं असेल, तर पहिल्या विभागाला लेखी कळवा आणि मगच इथे हो म्हणा. आय-ट्वेंटी कुणाकडून घ्यायचा हे त्यानंतरच ठरेल, आणि व्हिसाची तारीख शोधायची ती तो हातात आल्यावर.