एकसारख्या दोघींतून नेता कोण?

संगणकशास्त्रात एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की बसते: ट्यूरिंगच्या यंत्राला जे गणित सुटतं, ते पुरेशी ताकद असलेल्या कुठल्याही संगणकभाषेला सुटतं. एकट्याने चाललेल्या हिशेबापुरतं हे अगदी खरं. पण अनेक प्रक्रिया एकाच वेळी चालून आपसांत बोलू लागल्या, की ही बरोबरी मोडते. मला हे आजही विलक्षण वाटतं.

मिल्नर, पॅरो आणि वॉकर यांनी १९९२ साली ‘पाय-कॅल्क्युलस’ मांडलं: अशा बोलणाऱ्या प्रक्रियांची एक गणिती भाषा. त्यातला संवाद टाळीसारखा. देणारा आणि घेणारा एकाच क्षणी हजर हवेत. त्याचं असमकालिक रूपही आहे: संदेश सोडून द्यायचा, कोणी घेतला का याची वाट पाहायची नाही. इंटरनेटच्या स्वभावाला हेच जवळचं. संदेश मिळाल्याची पोच मागवली तर यातही टाळी साधते. मग फरक उरतोच कुठे?

उरतो, असं १९९७ साली कातुशा पालामिदेस्सी यांनी सिद्ध केलं. त्यांची कसोटी साधी आहे. दोन हुबेहूब प्रक्रिया, मध्ये पंच नाही. दोघींनी मिळून एक नेता निवडायचा.

टाळीच्या भाषेत पहिली म्हणते, ‘क वाहिनीवर पाठवते, नाहीतर ख वर ऐकते.’ दुसरी म्हणते, ‘ख वर पाठवते, नाहीतर क वर ऐकते.’ पाठवेल ती नेता. क वर टाळी पडली की त्याच क्षणी दोघींचे दुसरे पर्याय बाद होतात आणि पहिली निवडून येते. एका पावलात निकाल!

असमकालिक भाषेत पाठवणं आणि ऐकणं असे एकमेकांना बांधलेले पर्याय देताच येत नाहीत. त्यामुळे पहिलीची कुठलीही चाल दुसरीला तीच चाल खेळण्यापासून अडवू शकत नाही. दुसरीने ती खेळली की दोघी पुन्हा बरोबरीत. ही बरोबरी अनंतकाळ टिकवणारा एक तरी क्रम नेहमी सापडतो, मग प्रोग्राम कितीही चतुराईने लिहा. म्हणूनच, पंच न घुसवता, पहिल्या भाषेचं दुसरीत विश्वासू भाषांतर होऊ शकत नाही.

मात्र प्रक्रियांना नाणेफेकीची मुभा दिली, तर असमकालिक भाषेतही नेता निवडता येतो. कधी ना कधी कौल वेगवेगळे पडतात आणि बरोबरी फुटते.