अध्यापनातील खेळकर चॅटबॉट : रचनेचा विचार

प्रस्तावना :
लेखी संभाषण करणाऱ्या संगणकीय प्रणालीस 'चॅटबॉट' म्हणतात. एमआयटीतील जोसेफ वायझेनबॉम यांनी १९६६ मध्ये 'एलायझा' या अशा प्रणालीची मांडणी प्रसिद्ध केली. ती वापरणाऱ्याचेच शब्द प्रश्नरूपाने परत करीत असे. तिला अर्थबोध नव्हता. तरीही आपले म्हणणे तिला समजते, असे अनेकांना वाटले. खेळकर चॅटबॉटचे सामर्थ्य व धोका या अनुभवातच दडलेले आहेत.

महाराष्ट्रातील उपक्रम :
कोविडकाळात शाळा बंद असताना २०२० मध्ये राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने 'स्वाध्याय' हा व्हॉट्सॲपवर आधारित सरावप्रश्नांचा उपक्रम सुरू केला. परिचित साधनाचा वापर हा त्याचा मोठा गुण होय. तथापि बहुपर्यायी प्रश्नातून उत्तर चुकल्याचे कळते. चुकीमागचा विचार कळत नाही. खेळकर रचनेचे कार्य येथूनच सुरू होते.

रचनेचे उदाहरण :
हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ परिसरात उभारावयाच्या 'लायगो-इंडिया' या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेस केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मान्यता दिली. तिच्या आराखड्यात परस्परांना काटकोनात असलेल्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजा आहेत. हा विषय शिकविताना चॅटबॉटने प्रकाशकिरणाची भूमिका घ्यावी व कोडे घालावे : "आम्ही दोघे भाऊ एकदमच निघालो. परतताना एकाला किंचित उशीर झाला. कशामुळे?" विद्यार्थी म्हणेल, "जवळून मालमोटार गेली असेल." येथे 'चूक' असा शेरा न देता प्रतिप्रश्न यावा : "मग १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेत सुमारे ३,००० किलोमीटर अंतरावरील दोन वेधशाळांत जवळजवळ एकाच क्षणी सारखीच नोंद कशी झाली?" अशा रीतीने एकाहून अधिक वेधशाळांची गरज विद्यार्थी स्वतःच शोधून काढतो.

पथ्ये :
१) प्रत्येक संभाव्य चुकीसाठी वेगळा प्रतिप्रश्न प्राध्यापकांनी आधीच लिहून ठेवावा.
२) दोन संकेतांनंतरही उत्तर न आल्यास सरळ स्पष्टीकरण द्यावे, अन्यथा खेळाचा छळ होतो.
३) कारणाविना शाबासकी देऊ नये.
४) आपण यंत्र आहोत, हे प्रणालीने प्रारंभीच सांगावे. नव्या भाषिक प्रारूपांची उत्तरे आत्मविश्वासपूर्ण असूनही चुकीची असू शकतात. म्हणून आशय तपासूनच वापरावा.

निष्कर्ष :
चुकण्याच्या भीतीने वर्गात गप्प बसणारा विद्यार्थी यंत्रासमोर अंदाज बांधण्यास धजावू शकतो. मात्र तो अंदाज प्राध्यापकांपर्यंत पोहोचून त्यावर वर्गात चर्चा व्हावयास हवी. स्वतःचा भ्रमणध्वनी नसलेल्या विद्यार्थ्यालाही त्याच चर्चेतून या खेळात सहभागी होता येईल.